कागदावर शिवणकाम

२०२३ च्या नोव्हेंबरात कामानिमित्त सिएटलला होतो. ऑफिसातल्या एकाचं लग्न ठरलेलं, म्हणून सगळे मिळून त्याला स्ट्रिप क्लबमध्ये घेऊन गेले. मीही गेलो. कुणी हात धरून ओढत नेलं नव्हतं. घरी फोनवर बायकोला सांगितलं, टीम डिनर आहे. नंतर तिला खरं काय ते सांगितलं. ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

चटकदार वर्णनाच्या आशेने वाचत असाल तर इथेच थांबा, कारण ती रात्र बरीचशी कंटाळवाणी होती. मंगळवार होता, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आणि दारू नाही! वॉशिंग्टन राज्यात तेव्हा असल्या क्लबांमध्ये दारू विकायला बंदी होती. आम्ही सात-आठ बाप्ये कोक पीत, एकमेकांच्या नजरा चुकवत बसलेलो. स्टेजवर एक मुलगी नाचत होती. तिचं काम झालं की दुसरी.

थोड्या वेळाने एक जण माझ्या शेजारी येऊन बसली. काय बोलायचं ते मला सुचेना. मग मुंबईत रिक्षावाल्याला विचारतो तसं विचारलं, आज धंदा कसा? ती हसली आणि म्हणाली, अजून भाडंच निघालेलं नाही.

मला वाटलं घरभाडं. तर नाही. नाचायला यायचं तर तिनेच क्लबला पैसे द्यायचे. दर रात्रीचं ठरलेलं भाडं. ते निघालं की मग पुढची कमाई तिची. नाही निघालं तर बाकी पुढच्या खेपेला चढते. तिच्यावर मागच्या आठवड्याची बाकी होतीच. पगार नाही, सुट्टी नाही, विमा नाही. कारण कागदोपत्री ती क्लबची नोकरदार नाहीच, स्वतंत्र व्यावसायिक आहे. म्हणजे डोंबिवलीत शिफ्टने रिक्षा चालवणाऱ्याचं जे गणित, तेच. रिक्षावाल्याच्या हातात निदान हँडल तरी असतं.

मी तिला वीस डॉलर दिले आणि बाहेर येऊन थंडीत उभा राहिलो. फार उदात्त काही वाटत होतं असं नाही. अवघडलो होतो, एवढंच.

आता यात एका फँटसी कादंबरीचा काय संबंध? त्या दिवसांत मी टेरी प्रॅचेटचं 'नाइट वॉच' वाचत होतो. २००२ चं पुस्तक. प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेतलं जग सपाट आहे, चार हत्तींच्या पाठीवर, आणि ते हत्ती एका प्रचंड कासवावर उभे. त्या जगात आंख-मॉरपोर्क नावाचं एक घाणेरडं, लबाड, जिवंत शहर आहे. आपल्याला अगदी ओळखीचं वाटेल असं. तिथे प्रत्येक धंद्याचा गिल्ड आहे, म्हणजे संघ. चोरांचासुद्धा. चोर लुटल्यावर पावती देतो! आणि वेश्यांच्या गिल्डचं अधिकृत नाव आहे 'शिवणकाम करणाऱ्यांचा गिल्ड'. शहरात सगळ्यांना सगळं माहीत, पण बोलताना शिवणकामच म्हणायचं.

'नाइट वॉच'मध्ये शहराच्या पोलिसदलाचा प्रमुख सॅम व्हाइम्स तीस वर्षं मागे जाऊन पडतो. तेव्हा शहरात जुलमी राजवट आहे, रस्त्यावर उठाव होऊ घातलाय आणि या बायकांचा गिल्ड अजून झालेला नाही. रोझी पाम नावाची बाई त्यासाठी धडपडतेय. ती उठावाला पाठिंबा देते, पण फुकट नाही. बदल्यात तिला गिल्ड हवा आहे. बायकांना त्रास देणाऱ्या गिऱ्हाइकांचा समाचार घ्यायला दोन म्हाताऱ्या आहेत. दिसायला देवळातल्या आजीबाई, पण अख्खं शहर त्यांना टरकून असतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी या सगळ्यावर नुसता हसलो होतो. क्लबमधून आल्यावर तीच पानं पुन्हा वाचली तेव्हा हसू येईना. बहुतेक फँटसी कादंबऱ्यांत वेश्यागृह म्हणजे नायकाच्या मागचा पडदा असतो. तिथल्या बाईला काय मिळतं, कोण कापून घेतं, हा प्रश्न येतच नाही. प्रॅचेटची बाई मात्र पहिली मागणी करते ती संघटनेची. दया करा असं म्हणत नाही, यातून सोडवा असंही म्हणत नाही. आमचा गिल्ड द्या म्हणते.

पुस्तकावर माझा राग एकाच गोष्टीचा. हा गिल्ड शेवटी मिळतो तो वेटिनारी नावाच्या हुकूमशहाच्या राज्यात, कारण तो शहाणा आहे आणि त्याला त्यातली सोय कळते. शहाणा हुकूमशहा ही त्या पुस्तकातली कासवापेक्षा मोठी फँटसी आहे.

शिवणकामाची थाप मात्र फँटसी नाही. त्याच आठवड्यात सिएटलच्या पायोनियर स्क्वेअरमधली भुयारी सफर केली. १८८९ च्या आगीनंतर तिथले रस्ते वर उचलले गेले आणि जुनी दुकानं खाली गाडली गेली, तिथे फिरवून आणतात. गाईड किस्सा सांगतो की त्या काळी त्या मोजक्या गल्ल्यांतल्या ढीगभर बायकांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून 'शिवणकाम' लिहिलेलं होतं, शिलाई मशीन मात्र शोधून सापडत नव्हतं. शहराने या 'शिवणकामा'वर कर लावला आणि तिजोरी भरली. सगळे पर्यटक हसले. मी मनात म्हटलं, कर घेतला पण नाव खोटंच ठेवलं. म्हणजे पैसा शहराचा आणि बदनामी बायकांची.

इथे मला मुंबई आठवली.

२००५ साली आपल्या विधिमंडळाने एकमताने डान्सबार बंद केले. आर. आर. पाटील गृहमंत्री होते. पाऊण लाख बायकांचं काम जाईल, हा आकडा तेव्हा सगळीकडे होता. आता कायदा काय होता बघा. परमिट रूम आणि बिअर बारमध्ये नाच बंद. पण तीन तारांकित किंवा वरचं हॉटेल असेल, किंवा सभासदांपुरता क्लब-जिमखाना असेल, तर चालेल. म्हणजे नाच वाईट नव्हता, बघणाऱ्याचा खिसा वाईट होता! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये हा कायदा रद्द ठरवला आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीमुळे कितीतरी बायका वेश्याव्यवसायाकडे ढकलल्या गेल्या, आजारापेक्षा औषध वाईट ठरलं, असं सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं. सरकारने काय केलं? २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सवलत काढून टाकली आणि बंदी सगळ्यांना लागू केली. समता आली ती अशी.

मग २०१६ चा कायदा. त्याच्या नावातच महिलांच्या प्रतिष्ठेचं रक्षण आहे. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने त्यातल्याही बऱ्याच अटी उडवल्या, जसं की शाळा आणि देवळापासून एक किलोमीटरचं अंतर, आत सीसीटीव्ही, नाचाच्या जागी दारूबंदी. टिप देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असंही सांगितलं. दौलतजादा हा शब्द ज्या भाषेत रुळला तिथे हा फरक समजावून सांगायची गरज नाही.

पण या सगळ्या वर्षांत प्रत्यक्ष चाललं काय? ऑर्केस्ट्रा बार. परवाना गाण्याचा आणि बाई कागदावर 'गायिका'. परवान्यात अट अशी की रंगमंचावर चार बायका आणि चारच पुरुष. ती अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये काढली. तोवर, आणि आजही, धाड पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. ओढणीने तोंड झाकलेल्या बायका रांगेत. कुठे मालक सुटतो, कुठे मॅनेजर सुटतो, फोटो मात्र बायकांचाच.

सिएटलची शिवणकामवाली, मुंबईची गायिका आणि माझ्या शेजारी बसलेली ती 'स्वतंत्र व्यावसायिक'. तिघींच्या कागदावर खोटं नाव आहे. आणि त्या खोट्या नावाचा फायदा तिघींपैकी एकीलाही नाही. मालकाला आहे, कारण पगार द्यावा लागत नाही. सरकारला आहे, कारण सोवळं राखता येतं. गिऱ्हाइकाला आहे, कारण तो टीम डिनरला गेलेला असतो.

खरं नाव लागलं की काय होतं, तेही त्याच राज्यात बघायला मिळालं. तिथल्या नाचणाऱ्या बायका काही वर्षं संघटित होऊन मागणी करत होत्या. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या राज्यपालांनी त्यांच्या हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याने २०२४ मध्ये मर्यादा घातली ती अशी: आठ तासांमागे १५० डॉलर किंवा कमाईच्या ३० टक्के, यातलं जे कमी असेल त्याच्यावर क्लबला भाडं घेता येणार नाही. मागची बाकी पुढे चढवता येत नाही. सुरक्षारक्षक ठेवावा लागतो. आणि क्लबांना दारूचा परवाना मिळायची वाट मोकळी झाली. हे शेवटचं वाचून आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतील. पण दारूविक्री नसल्यामुळे क्लबची कमाई दारावरच्या तिकिटावर आणि या बायकांच्या भाड्यावर चालायची. तिथल्या बायकांनाच ती बंदी उठायला हवी होती. आदल्या वर्षी लॉस एंजेलिसमधल्या एका क्लबातल्या नर्तकी नाटकवाल्यांच्या संघटनेत दाखल झाल्या. मतदान झालं, सतरा विरुद्ध शून्य.

आपल्याकडेही हे सुचलं नव्हतं असं नाही. वर्षा काळे यांच्या पुढाकाराने बारबालांची युनियन उभी राहिली होती, बंदीविरुद्ध ती कोर्टातही गेली. पण नियम लिहिताना टेबलावर तिला खुर्ची कुणी दिली नाही.

मला माहीत आहे, खाली कमेंटमध्ये काय येणार. तुझ्या बहिणीला पाठवशील का? नाही पाठवणार. माझ्या भावाला गटारात उतरायलाही मी पाठवणार नाही. म्हणून गटार साफ करणाऱ्याला हातमोजे आणि मजुरी नको, असं कुणी म्हणत नाही. दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. या धंद्यात फसवून आणलेल्या मुली असतात, अल्पवयीन असतात. असतात, आणि त्यांना आणणाऱ्यांना तुरुंगातच टाकायला हवं. पण जिथे सगळ्याच जणी 'गायिका' आहेत तिथे राजीखुशीने आलेली कोण आणि विकलेली कोण, हे पोलिसाने ओळखायचं कसं? ज्या जागी नोंद नाही तिथेच लपवालपवी सोपी असते. आणि जिला स्वतःलाच अटकेची भीती आहे, ती शेजारच्या मुलीसाठी पोलिसांकडे जाईल कशाला?

उपाय अमेरिकेतूनच आणायला हवा असंही नाही. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमालाचा प्रश्न नेमका हाच होता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर, कुणा एकाचा नोकर नाही, म्हणून कुणाचीच जबाबदारी नाही. अण्णासाहेब पाटलांसारख्या माणसांनी लढून तो कायदा मिळवला. मंडळं आली, हमालांची नोंद झाली, मालकांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिर्वाह निधी आला. त्या कायद्यातल्या त्रुटींवर आणि मंडळांमधल्या गैरप्रकारांवर वेगळी पोस्ट होईल. पण ज्याला एक मालक नाही त्यालाही कामगार म्हणता येतं, हे या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच करून दाखवलंय.

मग बारमध्ये नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांसाठी असं मंडळ का नाही? तिचं नोंदणीपुस्तक, तिची टिप तिच्या खात्यात, मालकाचा वाटा किती ते लेखी, आणि धाड पडली तर तिच्या चेहऱ्याचा फोटो काढायला मनाई. यातली एकही गोष्ट अश्लील नाही.

दारूबद्दल, नाचाबद्दल तुमचं मत काहीही असो. माझंही मत पक्कं नाही. त्या रात्री मला तिथे बरं वाटलं नव्हतं आणि पुन्हा जायची इच्छा नाही. पण माझ्या बरं-वाईट वाटण्यावर तिची मजुरी ठरू नये.

घरी मी त्याला टीम डिनर म्हटलं होतं. मला त्याबद्दल दोन दिवस बोलणी खावी लागली. तसलंच खोटं नाव कागदावर लागलं की तिकडे त्या बाईची आयुष्यभराची कमाई जाते.