छंदांच्या गावा : पेटीतली तलवार



पोस्टाची तिकिटं झाली, नाणी झाली, शंखशिंपले झाले. आज एक निराळाच संग्रह बघू या. वीतभर लांबीच्या तलवारींचा! घाबरू नका, या तलवारींना धार नसते. गोष्टीतल्या, सिनेमातल्या तलवारींच्या या छोट्या प्रतिकृती. टेबलावर मांडायच्या, फार तर पत्राचं पाकीट फोडायचं.

माझा भाचा सातवीत आहे. त्याला या तलवारींचा भारी नाद. खाऊचे पैसे तीन महिने साठवून तो मला घेऊन दुकानात गेला. पैसे एकाच तलवारीपुरते होते. समोर झगमगत होती 'अँडुरिल'. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधली, तुटून पुन्हा घडवलेली अ‍ॅरागॉर्नची तलवार. त्याच्या वर्गातल्या चौघांकडे तीच आहे! पण भाच्यानं कोपऱ्यातली एक आखूड, जरा मळकट दिसणारी तलवार उचलली.

"ती कुणी घेत नाही रे," दुकानदार म्हणाले.

"मामा, हीच घेऊ?" भाच्यानं विचारलं. मी म्हटलं, "का, ते सांग. मग घे."

त्यानं जे सांगितलं, ते ऐका. तलवारीचं नाव हेरुग्रिम. ती रोहान देशाच्या थेओडेन राजाची. राजा म्हातारा झालेला, दुःखी. त्याचा सल्लागार ग्रीमा कपटी. "तुम्ही आता थकलात, बसून राहा," असं तो राजाच्या मनावर सारखं बिंबवायचा. राजाची तलवारसुद्धा त्यानं पेटीत कुलूप लावून ठेवली होती. पुढे गँडाल्फ येतो आणि राजाला जागं करतो. पेटीतून तलवार निघते. राजा ती हातात घेतो आणि ताठ उभा राहतो!

"आणि बघ ना मामा, मुठीपाशी दोन घोड्यांची डोकी आहेत. रोहानचे लोक घोडेस्वार असतात म्हणून!"

मी काय बोलणार? तीच घेतली.

मंडळी, संग्रह करायचा तर असा. सर्वांकडे आहे ती वस्तू आपल्याकडेही असावी असं वाटणं साहजिक आहे. पण जिची गोष्ट तुम्हाला सांगता येते, ती वस्तू खरी तुमची. आपल्याकडेही तलवारीला नाव असतंच की! शिवरायांच्या भवानी तलवारीचं नाव कुणाला माहीत नाही? नाव आलं की गोष्ट आली.

या गोष्टी लिहिणारे जे. आर. आर. टोल्किन इंग्लंडात ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक होते. त्यांचं 'द हॉबिट' १९३७ साली आलं आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५मध्ये. हेरुग्रिम हे नाव त्यांनी जुन्या इंग्रजीतल्याच एका शब्दावरून घेतलं. त्या शब्दाचा अर्थ 'अतिशय उग्र'! सिनेमे आले २००१ ते २००३मध्ये. त्यांच्यासाठी न्यूझीलंडमधल्या वेटा वर्कशॉपमध्ये पीटर लायन या कारागिरानं पोलादी तलवारी घडवल्या. मारामारीच्या प्रसंगांसाठी मात्र हलक्या प्रती वापरल्या.

आता निवडताना काय बघायचं?

पहिलं, पुस्तकातली की सिनेमातली, हे ठरवा. हाधाफांग ही आर्वेनची बाकदार तलवार सिनेमात दिसते, पण टोल्किनच्या कादंबरीत आर्वेनच्या हाती तलवारच नाही! ती घेऊ नका असं नव्हे. पण वहीत तशी नोंद हवी.

दुसरं, माप. स्टिंग हा खरं तर एल्फ लोकांचा खंजीर. पण हॉबिट पडले बुटके, त्यांच्या हातात तीच तलवार! आता स्टिंग आणि अँडुरिल यांच्या प्रतिकृती एकाच लांबीच्या केल्या, तर ही सगळी गंमतच गेली. म्हणून थोडं गणित करा. मूळ तलवार १२० सेंटिमीटर आणि प्रतिकृती २० सेंटिमीटर असेल, तर प्रमाण झालं १:६. मग ६० सेंटिमीटरच्या खंजिराची प्रतिकृती किती हवी? बरोबर, १०. शक्यतो सगळा संग्रह एकाच प्रमाणात ठेवा.

तिसरं, धातू. लोहचुंबक जवळ न्या. चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू असू शकतो. मात्र स्टेनलेस स्टीलच्या काही प्रकारांनाही चुंबक चिकटत नाही, बरं का! पोलादी तलवार पावसाळ्यात गंजते. बोटांच्या घामाचेही डाग पडतात. हाताळून झाली की कोरड्या सुती कापडानं पुसायची.

चौथं, आणि हे आईबाबांसोबत वाचा. धार नसली तरी टोक असतंच. धाकट्या भावंडांच्या हाती द्यायची नाही, शाळेत न्यायची नाही आणि लुटुपुटुची लढाई तर मुळीच नाही. डोळा एकदा गेला की गेला.

भाच्याची गोष्ट अर्धीच राहिली. त्याच्या घरी आजोबा असतात. आजी गेल्यापासून ते खुर्चीतून फारसे उठत नसत, बोलणंही कमीच. त्या संध्याकाळी भाच्यानं तलवार त्यांच्या हातात दिली आणि थेओडेनची सगळी गोष्ट सांगितली. आजोबांनी डोळे मिटलेले. त्याला वाटलं, झोपले.

"मग? उठला का राजा?" आजोबांनी विचारलं.

"उठला तर! घोड्यावर बसून लढाईला गेला!"

आजोबा काही बोलले नाहीत. पण रविवारी सकाळी भाचा उठून बघतो तो काय, माळ्यावरची हत्यारांची पेटी खाली आलेली! आजोबा करवत पुसत होते. दुपारपर्यंत दोघांनी सागवानाच्या तुकड्याचा स्टँड केला, पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केला. त्यात खाचा किती? पाच! तलवारी तर चारच. आजोबा म्हणाले, "पाचवी आणशील तेव्हा तिचीही गोष्ट मला सांगायची."

आता तुमचं काम. वहीच्या एका पानावर तुमच्या आवडत्या गोष्टीतल्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या तलवारीचं चित्र काढा. खाली तिचं नाव, मालक, माप आणि 'मला हीच का हवी' हे चार ओळींत लिहा. घरातल्या कुणाला तरी ते वाचून दाखवा. तलवार विकत घेतली नाही तरी चालेल. संग्रहाची सुरुवात त्या पानापासूनच झाली, असं समजा!