समुद्रातल्या पवनचक्क्या : किनाऱ्यावरच्या माणसाला कोण विचारणार?

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात २००७ साली अँड्र्यू क्रूगर या विद्यार्थ्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. विषय असा की, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्या किनाऱ्यावरून दिसतात, याचा त्रास लोकांना किती डॉलरचा वाटतो? आपल्या बाजारपेठेत कुणाला सांगितले तर तो हसेल. म्हणेल, या लोकांना कामधंदा नाही काय? पण हिशेब पाहण्यासारखा आहे. याच अभ्यासावरील लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार समुद्रालगत राहणाऱ्या कुटुंबाला सुमारे दीड किलोमीटरवरच्या चक्क्यांचा त्रास वर्षाला ८० डॉलरचा वाटला, तर साडेचौदा किलोमीटरवरच्या चक्क्यांचा २७ डॉलरचा. आतल्या भागात राहणाऱ्यांसाठी हेच आकडे १९ आणि शून्य असे होते.

व्यापारी माणसाला यातले मर्म लगेच कळावे. नाराजीचाही भाव निघतो, अंतर वाढले की तो उतरतो, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचा भाव वेगळा असतो. नवा नमुना विणायला टाकण्यापूर्वी आपण चार दुकानदारांना विचारतो की नाही? मग हजारो कोटींचा प्रकल्प टाकणाऱ्याने लोकांना विचारले तर त्यात हसण्यासारखे काय?

न विचारल्यास काय होते याचे उदाहरणही अमेरिकेतच आहे. केप कॉडजवळच्या समुद्रात १३० पवनचक्क्यांची ‘केप विंड’ योजना २००१ साली पुढे आली. जेरेमी फायरस्टोन आणि विलेट केम्प्टन या डेलावेअरच्याच प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन तेथील लोकांचे मत अजमावले. त्यांचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. विरोध करणारे जास्त निघाले. त्यांची कारणे समुद्रातले जीव, समुद्राचे दृश्य, मासेमारी, बोटींची सुरक्षितता अशी होती. यातल्या बऱ्याच समजुती शास्त्रीय माहितीशी जुळत नव्हत्या, असे संशोधकांना आढळले. मात्र आणखी एक गोष्ट आढळली, ती मला फार महत्त्वाची वाटते. हा प्रकल्प एकटा नसून अशा तीनशे प्रकल्पांतला पहिला असेल तर, असे विचारताच पाठिंबा वाढला. म्हणजे कुर्बानी द्यायला माणूस तयार असतो, पण तिचा काही उपयोग होणार आहे हे त्याला दिसले पाहिजे. पुढे फायरस्टोन यांच्याच मंडळींनी असेही दाखवून दिले की, निर्णय इन्साफाने झाला असे ज्याला वाटते तो बाजूने झुकतो. केप विंड मात्र उभी राहिलीच नाही. खटले, तक्रारी आणि राजकारणात सोळा वर्षे गेली आणि २०१७ साली कंपनीने नाद सोडला.

आता डेन्मार्क पाहा. राजधानी कोपनहेगनसमोर, किनाऱ्यापासून अवघ्या साडेतीन किलोमीटरवर, मिडेलग्रुंडेन येथे २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. आधीचा आराखडा सत्तावीस चक्क्यांचा, तीन रांगांचा होता. लोकांनी हरकती घेतल्या, तेव्हा चक्क्या कमी करून एका कमानीत लावल्या. यातल्या दहा चक्क्या एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. साडेआठ हजारांवर सभासद आणि ४०,५०० भाग! येथे भाग घेणाऱ्याला ठरावीक व्याज नाही, वीज विकून जे येईल त्यात तो वाटेकरी. आपल्याकडे शिरकत म्हणतात ती याहून फार वेगळी नाही. ज्याची त्या चक्कीत रक्कम आहे, त्याला ती खिडकीतून दिसली तर तो चिडत नाही, ती फिरते आहे ना हे बघतो.

हे सर्व आपल्याला कशाला, असे मालेगाव-भिवंडीचा यंत्रमागवाला विचारेल. एक तर माग विजेवर चालतो आणि बिलाचा आकडा त्याला तोंडपाठ असतो. दुसरे म्हणजे हा विषय आता आपल्या समुद्रात आला आहे. केंद्र सरकारने २०१५ साली समुद्री पवन ऊर्जेचे धोरण जाहीर केले. २०१७ साली गुजरातेत पिपावावसमोर समुद्रात वारा मोजण्याचे यंत्र बसवले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांच्या मदतीची योजना मंजूर केली. तीत गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे प्रकल्प धरले आहेत. पिपावावच्या शेजारी जाफराबाद आहे. तेथला मच्छीमार डोल लावून बोंबील धरतो. डोल म्हणजे एका जागी बांधलेले जाळे. त्या माणसासाठी सवाल समुद्र कसा दिसतो हा नाही, माझी जागा राहील काय हा आहे.

म्हणूनच अमेरिकेची प्रश्नपत्रिका उचलून येथे वाटली तर उत्तरे निरुपयोगी येतील. केप कॉडला सुट्टीत येणाऱ्या बंगलेवाल्याचे दुखणे वेगळे, डोलवाल्याचे वेगळे. भाषेचाही प्रश्न आहे. मी उर्दू माध्यमात शिकलेला माणूस. सरकारी फॉर्मवरचे मराठी वाचताना आजही दोनदा थांबतो. मग कोकणीत बोलणाऱ्या आणि उर्दू शाळेत चार इयत्ता शिकलेल्या नाखव्यापुढे इंग्रजीचे भाषांतर ठेवले, तर तो ‘हो, हो’ म्हणून अंगठा उठवील आणि त्याची मान्यता आहे असे अहवालात छापले जाईल.

वीजप्रकल्प आणि किनारा यांचा वाद आम्हाला नवा नाही. जैतापूर अणुप्रकल्पाच्या वेळी साखरी नाटे येथील मुस्लिम मच्छीमार रस्त्यावर उतरले आणि एप्रिल २०११ मध्ये गोळीबारात एक तरुण बळी गेला. पवनचक्की म्हणजे अणुभट्टी नव्हे. माझे स्वतःचे मत तिच्या बाजूचेच आहे. परंतु गोळी सुटण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन घरोघर जाणारे कुणी हवे होते, आणि ते आपल्याच मुलामुलींतले असते तर दारे लवकर उघडली असती.

येथे आपल्या जमातींचे आणि ट्रस्टचे चुकते. स्कॉलरशिप इंजिनीअरिंगला, फार्मसीला, बी.एड.ला मिळते. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या मुलीने संशोधनासाठी मदत मागितली की ट्रस्टी म्हणतात, याने नोकरी लागेल काय? नोकरीचे अल्लाह जाणे, पण उद्या सरकारच्या किंवा कंपनीच्या टेबलावर किनाऱ्याच्या नावाने जो आकडा ठेवला जाईल, तो कुणी गोळा केलेला असावा याचा विचार करा. आम्ही गोळा केला नाही तर कंपनीचा सल्लागार करील आणि त्याचा पगार कंपनी देईल. जकातीतून देता येईल की इमदादी रकमेतून, ते उलेमांना विचारावे. एकूण खर्च ईदच्या सेलच्या एका मोठ्या जाहिरातीएवढा, म्हणजे एस.टी.चे भाडे, छपाई आणि महिनाभराचे जेवण.

काय विचारायचे, तेही विद्यार्थ्यांनी आधी बंदरावर बसून ठरवावे. जाळे कोणत्या महिन्यात कोठे लागते, चक्क्यांच्या मधून होडी जाऊ दिली तर चालेल काय, नुकसानभरपाई बोटमालकालाच की खलाशालाही, गावाला भाग मिळाला तर किती जण घेतील. बायकांनाही विचारावे, कारण सुकट-बोंबलाचा बाजार त्यांच्या हातात असतो. पावसाळी बंदीत बोटी वर काढलेल्या असतात आणि माणसे घरी सापडतात, तेव्हा फॉर्म त्याच दिवसांत भरून घ्यावेत. म्हणजे ट्रस्टच्या कमिटीने पैसे एप्रिलपर्यंत मंजूर केले पाहिजेत.