धुराचा हिशेब कोण मागणार?

१९९६ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या बिनसरकारी संस्थेने वाहनांच्या धुराविषयी अहवाल प्रसिद्ध केला. न्यायालयात आधीच चालू असलेल्या लढ्याला त्या अभ्यासाचे बळ मिळाले. राजधानीच्या बसगाड्या नैसर्गिक वायूवर चालवाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला आणि प्रखर विरोधाला न जुमानता २००२ च्या अखेरीस तो अमलात आला. पुण्यातही 'परिसर' ही संस्था पादचारी, सायकल व बस यांची कैवारी म्हणून उभी आहे.

आणि करवीरनगरीत? २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचे नाव आले. बस वेळेवर मिळत नसेल तर सामान्य माणसाने दुचाकी घेऊ नये काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे; पण म्हणूनच केएमटी ही तोट्याची बाब न मानता आरोग्याची गुंतवणूक मानली पाहिजे.

याच नगरीने रस्त्यावर उतरून २०१५ च्या अखेरीस टोल रद्द करविला. तो टोल खिशातून जात होता. धुराचा टोल फुफ्फुसांतून वसूल होतो, म्हणून तो दिसत नाही. तो दाखवून देणे हे अभ्यासकांचे काम होय. शिवाजी विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये व नागरी संघटना यांनी एकत्र येऊन वाहनांची व बसमार्गांची स्वतंत्र पाहणी करावी आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकापूर्वी ती जनतेपुढे ठेवावी. लढण्याची रग कोल्हापूरकरांत आहेच. तिला आता आकड्यांची जोड हवी.