हिरव्या गालिच्याखालची काळी माती

मुलींच्या होस्टेलपुढच्या प्लास्टिकच्या लॉनचं पुन्हा एकदा बारसं होणार, असं कानावर आलंय. जुना गालिचा काढायचा, नवा अंथरायचा, आणि खर्च जिमखाना फंडातून. कारण काय, तर "मालच खराब लागला." माझं म्हणणं एवढंच की गालिच्याला उगाच बदनाम करू नका. गुन्हेगार खाली आहे!

नीट बघितलंत तर लॉनचे धागे अजून बऱ्यापैकी उभे आहेत, रंगही फार उडालेला नाही. मग बिघडलंय काय? भिंतीकडची जमीन फुगलीय, मधोमध बशीसारखा खळगा पडलाय आणि या ओढाताणीत जोड उसवलेत. अशाच एका जोडात पाय अडकून फर्स्ट इयरची एक मुलगी पडली, आणि तीन आठवडे प्लास्टर घालून लेक्चरला येत होती. (तिचे जर्नल्स कोणी लिहिले हा वेगळा विषय!) दरवर्षी पावसाळा संपला की एक माणूस येतो, जोडाला गम लावतो, वर वाळू भुरभुरवतो आणि जातो. एप्रिल उजाडला की जोड पुन्हा आ वासून तयार.

आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आक्रसते आणि भेगा पडतात. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगावं लागत नाही, आम्हाला मात्र सिव्हिलच्या थर्ड इयरला शिकावं लागलं. आता, सगळी जमीन सारखी वरखाली झाली असती तर गालिच्याने ते सोसलंही असतं. पण होस्टेलच्या खिडक्यांमध्ये कूलर आहेत. मार्च ते जून त्यांचं पाणी भिंतीलगत ठिबकत असतं. म्हणजे भर उन्हाळ्यात कडेला चिखल आणि चार पावलांवर भेगा! शिवाय गच्चीचा पाइप पावसाळ्यात तिथेच मोकळा होतो आणि दुसऱ्या टोकाचा कडुनिंब आपल्या बाजूची ओल शोषून घेतो. एकाच लॉनखाली तीन प्रकारची जमीन. गम बिचारा काय करणार?

गंमत म्हणजे ज्या ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममुळे 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' हे नाव जगाला कळलं, ते शहरही उष्ण, दमट आणि फुगणाऱ्या चिकणमातीचं. १९६५ मध्ये स्टेडियम सुरू झालं तेव्हा आत खरं गवत होतं. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या तिरिपीमुळे खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली, आणि उजेडाअभावी गवत मेलं. मग १९६६ मध्ये प्लास्टिकचं आलं. पण लक्षात घ्या, तिथे डोक्यावर छप्पर होतं. आपल्याकडे वरून जुलै कोसळतो.

म्हणून टेंडर काढण्याआधी एक साधी टेस्ट करू या. आपल्याच लॅबमध्ये होते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम कोरडी माती एका सिलिंडरमध्ये पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकायची, २४ तास ठेवायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. हा फरक टक्क्यांत काढला की 'फ्री स्वेल इंडेक्स' मिळतो. काळ्या मातीचा तो सहज ५०च्या वर जातो. लॉनच्या तीन जागांची माती तपासली तर वाद मिटेल.

आणि दुरुस्ती? आधी पाणी. कूलरला ट्रे आणि नळी, गच्चीच्या पाइपाला गटारापर्यंत जोड. हे झाल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. मग गालिचा गुंडाळून ठेवायचा, फुगणारी माती हातभर खोल काढायची, जिओटेक्स्टाइल अंथरून मुरूम थराथराने दाबायचा आणि उतार द्यायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा थर देण्याची जी पद्धत मांडली, तिचंच हे घरगुती रूप म्हणा. एक धोका मात्र आहे. काळ्या मातीत खड्डा करून नुसती खडी भरली तर तो हौद होतो! पाणी साचून खालची माती आणखी फुगते. म्हणून तळाशी भोकाचा पाइप हवा आणि त्याचं तोंड बाहेर गटारात.

जोड शेवटी. त्यासाठी दोन दिवस कोरडे हवेत, कारण पॉलियुरेथेनचा गम हवेतल्या ओलीने घट्ट होतो खरा, पण ओल्या पाठीवर लावला तर फेसाळतो आणि सुटतो. माळीमामांना विचारलं तर ते म्हणाले, "वापसा आल्यावर करा." माती ना चिखल ना ढेकूळ अशी असते तो वापसा. (कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द शिकवला नव्हता. इंग्रजीत एका शब्दात कसा सांगायचा, मला अजून सुचलेलं नाही.) म्हणजे आपल्याकडे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर.

काही जण म्हणतात, प्लास्टिक फेकून हरळी लावा. मनाला पटतं. मे महिन्यात या लॉनवर अनवाणी उभं राहून दाखवा, म्हणजे कळेल. पण टँकर येतो तेव्हा आम्ही बादल्यांसाठी रांगेत असतो, तेव्हा गवताला पाणी द्या म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. आणि जे आहे ते अजून वापरण्यासारखं असताना मोठी गुंडाळी भंगारात कशाला?

शेवाळं धरलं म्हणून गेल्या पावसाळ्यात माळीमामांनाच बोलणी बसली होती, हेही इथे नोंदवते. गालिच्याची भोकं मातीच्या गाळाने बुजलेली, पाणी खाली जायला वाट नाही, आणि झाडू मारणाऱ्याला दोष! सिलिंडर लॅबमध्ये आहेत, पहार मामांकडे आहे, आणि आमच्या बॅचच्या चौघीजणी माती काढायला तयार आहेत. फक्त परवानगीची सही हवी.