विश्लेषण : सूरजागड विरुद्ध बैलाडिला... टनामागे नफा सारखाच, मग सरकारी तिजोरीतला वाटा वेगळा का?

गडचिरोलीतील सूरजागडचा डोंगर आणि छत्तीसगडच्या दंतेवाड्यातील बैलाडिलाची रांग यांत सरळ रेषेत जेमतेम दीडशे किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हीकडे उच्च प्रतीचे लोहखनिज, घनदाट जंगल, आदिवासी वस्ती आणि माओवादी हिंसाचाराचा इतिहास आहे. एका डोंगरावर लॉयड्स मेटल्स अँड एनर्जी ही खासगी कंपनी खाण चालवते, दुसऱ्यावर एनएमडीसी ही केंद्र सरकारची कंपनी. मध्य भारतातील स्पंज आयर्न आणि पोलाद कारखान्यांच्या बाजारात दोघी एकमेकींच्या स्पर्धक आहेत. दोघींचे ताळेबंद शेजारी ठेवले तर गडचिरोलीच्या वाट्याला नेमके काय येते, याचेही उत्तर मिळते.

दोन्ही कंपन्यांची आर्थिक कामगिरी कशी आहे?

आकाराने दोघींची तुलना होऊ शकत नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेली एनएमडीसी ही देशातील सर्वांत मोठी लोहखनिज उत्पादक आहे. २०२३-२४ मध्ये तिने प्रथमच साडेचार कोटी टनांचा टप्पा गाठला. २०२४-२५ मध्ये उत्पादन थोडे घटून ४ कोटी ४० लाख टनांवर आले. तरीही महसूल सुमारे २१,३०० कोटींवरून २३,९०० कोटी रुपयांवर गेला आणि निव्वळ नफा साडेपाच हजार कोटींवरून साडेसहा हजार कोटींच्या घरात पोहोचला.

लॉयड्स मेटल्सचा महसूल २०२३-२४ मध्ये सुमारे ६,५२२ कोटी आणि २०२४-२५ मध्ये ६,७२१ कोटी रुपये होता. निव्वळ नफा १,२४३ कोटींवरून १,४५० कोटींवर गेला. म्हणजे दोन्ही कंपन्यांचा नफा वर्षभरात जवळपास १७ टक्क्यांनी वाढला. लॉयड्सचा महसूल मात्र तीनच टक्के वाढला, कारण सूरजागडमधून वर्षाला एक कोटी टनांपेक्षा जास्त खनिज काढण्याची परवानगी तेव्हा नव्हती. त्याआधी २०२२-२३ मध्ये कंपनी तोट्यात दिसली होती. खनिजाला मागणी नव्हती असे नाही. जुन्या भागीदारीच्या वादात झालेल्या तडजोडीचा मोठा एकरकमी भार त्या वर्षाच्या हिशेबात आला होता.

टनामागे कोण जास्त कमावते?

ढोबळ हिशेब केला तर उत्तर चकित करणारे आहे. एनएमडीसीचा २०२४-२५ चा नफा विकलेल्या खनिजाने भागला तर टनामागे साधारण १,४५० ते १,५०० रुपये येतात. लॉयड्सचा नफा सुमारे एक कोटी टनांनी भागला तरी आकडा १,४५० च्या आसपासच राहतो. लॉयड्सच्या आकड्यात घुग्घूसच्या स्पंज आयर्न आणि वीजनिर्मितीची कमाईही धरलेली आहे, हे लक्षात घ्यायला हवे. पण चित्र बदलत नाही.

हे चकित करणारे अशासाठी, की सरकारला द्यायच्या रकमेत लॉयड्सचे ओझे एनएमडीसीपेक्षा बरेच हलके आहे. तरीही तिचा नफा टनामागे जास्त नाही. यातील पहिल्या अर्ध्या भागाचे उत्तर कायद्यात आहे, तर दुसऱ्याचे रस्त्यावर.

कायद्यामुळे किती फरक पडतो?

लोहखनिजावर १५ टक्के स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, राज्य सरकारला मिळते. भारतीय खाण ब्युरो दर महिन्याला प्रत्येक राज्यासाठी सरासरी विक्री किंमत जाहीर करते. त्या किमतीवर ही रक्कम आकारली जाते. जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी आणखी रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला द्यावी लागते. इथवर दोन्ही कंपन्या सारख्याच आहेत.

पुढे वाटा फुटतात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवे खाणपट्टे लिलावानेच देण्याचे बंधन आले. लिलावात जिंकणाऱ्याला स्वामित्वधनाशिवाय बोलीतील अधिमूल्य द्यावे लागते. २०२१ च्या दुरुस्तीने सरकारी कंपन्यांनाही मुदतवाढ मिळालेल्या खाणपट्ट्यांसाठी जादा रक्कम लावली. लोहखनिजासाठी ती स्वामित्वधनाच्या दीडपट आहे.

सूरजागडचा ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉयड्सला २००७ मध्ये मिळाला. तेव्हा लिलावाची पद्धत नव्हती. २०१५ च्या कायद्याने जुन्या खाणपट्ट्यांची मुदत ५० वर्षे मानली, म्हणून हा पट्टा २०५७ पर्यंत कंपनीकडे राहील आणि त्यावर लिलावाचे अधिमूल्य नाही.

सोपा हिशेब असा : जाहीर सरासरी किमतीनुसार १०० रुपयांच्या खनिजामागे बैलाडिलातून छत्तीसगड सरकारला स्वामित्वधनाचे १५ आणि जादा रकमेचे साडेबावीस, असे साडेसदतीस रुपये मिळतात. सूरजागडमधून महाराष्ट्राला १५ रुपये मिळतात. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे साडेचार रुपये दोन्हीकडे सारखेच. एनएमडीसीत केंद्राचा हिस्सा सुमारे ६१ टक्के असल्याने तिच्या लाभांशाचा मोठा भागही पुन्हा सरकारकडेच जातो.

थोडक्यात, लॉयड्सची सर्वांत मोलाची मालमत्ता यंत्रांपेक्षाही त्या खाणपट्ट्याच्या कागदावरची तारीख आहे. २०२३ मध्ये सूरजागडच्या टेकड्यांमधील आणखी काही गटांचा लिलाव झाला. तिथे खाणी सुरू झाल्या तर त्याच डोंगररांगेतील त्याच खनिजासाठी नव्या कंपन्यांना अधिमूल्य मोजावे लागेल.

मग लॉयड्सचा नफा दुप्पट का नाही?

बैलाडिलाच्या पायथ्याशी रेल्वे आहे. जपानला खनिज निर्यात करण्यासाठी १९६० च्या दशकात किरंदुल ते विशाखापट्टणमच्या दिशेने लोहमार्ग टाकला गेला. खाणीतले खनिज पट्ट्यावरून खाली येते आणि वाघिणींत भरले जाते.

सूरजागडला ही सोय नाही. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे इतकी वर्षे वडसा म्हणजे देसाईगंजपुरतीच राहिली. वडसा-गडचिरोली मार्गाचे काम रखडत रखडत पुढे सरकते आहे. त्यामुळे हेडरी, एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्याने ट्रकच्या रांगा धावत राहिल्या. खाणकामही कंपनीने स्वतः न करता त्रिवेणी अर्थमूव्हर्सकडे सोपवले. तिचा मोबदला वेगळा. पुढे त्रिवेणीच कंपनीच्या प्रवर्तकांमध्ये आली.

जोखमीचीही किंमत मोजावी लागली. खाणपट्टा २००७ चा असला तरी सलग उत्पादन २०२१ पासूनच सुरू झाले. जून २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खनिज वाहतुकीची डझनावारी वाहने जाळली. जानेवारी २०१९ मध्ये गुरुपल्लीजवळ ट्रक आणि एसटी बसच्या अपघातात प्रवाशांचा बळी गेल्यावर संतप्त लोकांनी ट्रक पेटवले आणि काम पुन्हा थांबले. ‘कोणी यायला तयार नव्हते तेव्हा आम्ही आलो’ हा कंपनीच्या समर्थकांचा युक्तिवाद म्हणूनच निराधार नाही.

वाहिनीने काय बदलेल?

हेडरी ते कोनसरी ही सुमारे ८५ किलोमीटरची वाहिनी आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरीचा ४० लाख टन क्षमतेचा पेलेट प्रकल्प २०२५ मध्ये सुरू झाला. खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून नळातून पाठवली जाते. ट्रकपेक्षा हे बरेच स्वस्त पडते आणि पेलेटला साध्या भुकटीपेक्षा चांगला भाव मिळतो. त्याच वर्षी सूरजागडची उत्पादनमर्यादा एक कोटी टनांवरून २ कोटी ६० लाख टनांवर नेण्यासही पर्यावरण मंजुरी मिळाली. रस्त्याचा खर्च लॉयड्सचा जो फायदा खात होता, तो आता कंपनीच्या हाती राहू लागेल.

पण इथे एक बाब नजरेतून सुटते. स्वामित्वधन आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खनिजाच्या जाहीर सरासरी किमतीवर ठरतो, कंपनीच्या नफ्यावर नाही. वाहतूक स्वस्त झाली तरी टनामागे जिल्ह्याला मिळणारी रक्कम एक रुपयानेही वाढत नाही. ती वाढवायची तर अधिक खनिज काढणे एवढाच मार्ग उरतो आणि अधिक खनिज म्हणजे अधिक जंगल. दुसरीकडे, रस्त्यावरचा धोका आणि धूळ कमी होईल, तसे ट्रकवर पोट असलेल्यांचे कामही घटेल.

पोलादाच्या बाबतीत बैलाडिला काय शिकवते?

कोनसरीत ४५ लाख टन क्षमतेचा एकात्मिक पोलाद प्रकल्प उभारण्याचा लॉयड्सचा बेत आहे आणि गडचिरोलीला ‘स्टील हब’ करण्याची राज्य सरकारची घोषणा त्यावरच टेकलेली आहे. हा रस्ता एनएमडीसीने आधी चालून पाहिला आहे.

बस्तरमधील नगरनार येथे तिने ३० लाख टनांचा पोलाद कारखाना उभारला. त्याला अनेक वर्षे लागली. कारखाना सुरू होण्यापूर्वीच २०२२ मध्ये तो एनएमडीसी स्टील या वेगळ्या कंपनीत विलग केला गेला. २०२३ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण २०२३-२४ मध्ये दीड हजार कोटींहून अधिक आणि २०२४-२५ मध्ये दोन हजार कोटींहून अधिक तोटा झाला. एनएमडीसीचे साडेसहा हजार कोटी चकचकीत दिसतात, ते हा तोटा दुसऱ्या खातेवहीत असल्यामुळेही.

लॉयड्स पोलादाचा पसारा आपल्याच ताळेबंदावर घेते आहे. घरचे खनिज, वाहिनी आणि अधिमूल्यमुक्त खाणपट्टा या तिच्या जमेच्या बाजू. पण कोळसा बाहेरून आणावा लागेल आणि पोलादाचे दर जागतिक बाजार ठरवतो. खाणीत नफा मिळतो म्हणून भट्टीतही मिळेलच असे नाही, हा नगरनारचा धडा आहे. रोजगाराची खरी आशा मात्र भट्टीवरच आहे, कारण यंत्रांनी चालणाऱ्या खाणीपेक्षा पोलाद प्रकल्पाला आणि त्याभोवतीच्या उद्योगांना अधिक हात लागतात.

ताळेबंदात न दिसणारा खर्च कोणता?

सूरजागडचा डोंगर परिसरातील माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. गडचिरोलीतील मोठा भाग पाचव्या अनुसूचीत येतो आणि पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. तरीही खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये बाधित गावांत न होता गडचिरोलीत जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. नव्या खाणींच्या विरोधात तोडगट्टा येथे २०२३ मध्ये अनेक महिने आंदोलन चालले. कमी लोहांश असलेले खनिज शुद्ध करण्याच्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरहून अधिक वनजमीन वळवण्यास २०२५ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यात टप्प्याटप्प्याने सुमारे १ लाख २३ हजार झाडे तोडली जाणार आहेत.

कंपनीच्या बाजूनेही नोंदी आहेत. स्थानिक तरुण आणि आत्मसमर्पित माओवादी यांना नोकऱ्या, कर्मचाऱ्यांना समभाग, हेडरीत रुग्णालय आणि शाळा. पण या गोष्टी कंपनीच्या इच्छेवर चालतात. जिल्ह्याचा हक्काचा वाटा कायद्याने ठरतो आणि तो ठरवणाऱ्या सूत्रात नफा किती वाढला याला जागाच नाही.

पुढे कशावर लक्ष ठेवायचे?

गुंतवणूकदार दोन्ही कंपन्यांचे तिमाही निकाल पाहतील. लॉयड्ससाठी वाहिनीतून किती बचत होते आणि पोलादासाठी कर्ज किती वाढते, एनएमडीसीसाठी २०३० पर्यंत १० कोटी टनांचे लक्ष्य कितपत जवळ येते, हे त्यांचे प्रश्न असतील.

एटापल्लीच्या माणसाने पाहण्यासारखे आकडे दुसरेच आहेत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानात दरवर्षी किती जमा होते, त्यातले बाधित गावांत किती पोहोचते आणि कोनसरीच्या भट्टीत कायम नोकरीवर जिल्ह्यातले किती जण लागतात. बैलाडिलाच्या पायथ्याशी जवळपास सहा दशके खाणी चालू आहेत आणि तरीही दंतेवाडा देशातील मागास जिल्ह्यांतच गणला गेला. सूरजागडचा खाणपट्टा २०५७ पर्यंत आहे, त्यामुळे तिथला निकाल वेगळा लागावा यासाठी गडचिरोलीच्या हाती अजून तीन दशके आहेत.