अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत आली आहे. दुखणे आहे, वैद्यही घरातलाच आहे, पण दाखवायचे कसे, ही त्या सासऱ्याची पंचाईत. आज वैद्य जावई राहिलेला नाही. तो परका आहे, शिकलेला आहे आणि असे रोगी नित्य तपासणारा आहे. पंचाईत मात्र होती तशीच आहे. लघवीची धार बारीक झाली, रात्री चार वेळा उठावे लागते, एकदा लघवीतून रक्त गेले, या गोष्टी आपला पुरुष बायकोपासूनही लपवितो. मग एके रात्री लघवी साफ तुंबते आणि मुलांना रिक्षा शोधत धावावे लागते. पुरुषांच्या मूत्रविकारांचे निदान आणि उपचार गेल्या अर्धशतकात फार पुढे गेले आहेत. मागे राहिला आहे तो रोगी. त्याला मागे ठेवण्यात त्याच्या संकोचाचा वाटा आहे, तसाच कारखानदारांचा, सरकारचा आणि आम्हां वृत्तपत्रांचाही आहे.

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. एके काळचे हे साधे गाव. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, हिरे व जवाहिरांच्या धंद्यासाठी उभारलेले उद्योगसंकुल आहे, आणि पुढे हजिऱ्यापर्यंत पोलाद, खत व वायू यांचे प्रचंड प्रकल्प पसरले आहेत. सुरतेला मराठी माणूस नवा नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटासाठी गेलेल्या खानदेशी कुटुंबांनी उधना, लिंबायत या भागांत आपले संसार थाटले आहेत. या साऱ्या पट्ट्यात पुरुषांचे काम दोन टोकांचे आहे. एकीकडे भट्टीची धग, तर दुसरीकडे हिऱ्याच्या घंटीपुढे तासन् तास बैठक. जेथे मजुरी नगावर मिळते, तेथे जागेवरून उठले की पैसे बुडतात. मग पाणी कमी प्यायचे आणि लघवी दाबून धरायची, ही सवय अंगवळणी पडण्यास वेळ लागत नाही. आज आम्ही इच्छापोरचे नाव घेतो ते एवढ्याचसाठी, की जे तेथे ठळकपणे दिसते तेच आमच्या वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत, मासेमारीच्या ट्रॉलरवर आणि मालमोटारीच्या चालकाच्या बैठकीवरही घडू शकते.

मुतखडा हे या सवयीचे पहिले फळ होय. घाम फार गेला आणि पाणी कमी पडले, की लघवी घट्ट होते व तिच्यातील क्षारांचे स्फटिक जमू लागतात. ब्राझीलमधील पोलाद उद्योगातील कामगारांची एक पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. उष्ण विभागात काम करणाऱ्यांत मुतखड्याचे प्रमाण ८ टक्के, तर साध्या तपमानात काम करणाऱ्यांत ते १ टक्क्याहूनही कमी आढळले. उद्योग तोच, फरक धगीचा. हे पाहिले म्हणजे मुतखडा हा केवळ रोग्याच्या नशिबाचा भाग आहे असे म्हणता येत नाही. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पुरेशा मुताऱ्या पुरविण्याची सक्ती आपल्या देशात १९४८ च्या कारखाने कायद्यानेच घातली होती. कायद्यांची नावे बदलली, तरी ही जबाबदारी बदललेली नाही. परंतु मुतारी बांधणे आणि कामगाराला तेथे जाण्याइतकी उसंत देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली निरीक्षकाला दिसते, दुसरी कोणालाच दिसत नाही.

मुतखड्यावरील शस्त्रकर्म आपल्या देशाला परके नाही. सुश्रुतसंहितेत ‘अश्मरी’चा स्वतंत्र विचार आहे. शस्त्र न धरले तर रोग्याचा मृत्यू ठरलेला, धरले तर यशाची खात्री नाही, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने हे कर्म करावे, असा तेथील आशय आहे. त्या काळी ज्या शस्त्रकर्माला राजाची परवानगी लागत होती, त्यानंतर आज अनेक रोगी दोन-तीन दिवसांत घरी जातात. १९७६ मध्ये स्वीडनमधील डॉक्टरांनी पाठीतील लहान छिद्रावाटे मूत्रपिंडातला खडा काढण्याची पद्धत पुढे आणली. १९८० मध्ये म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय माणसावर प्रथम वापरला गेला. आज बारीक दुर्बीण मूत्रमार्गातूनच वर नेऊन लेसरने खड्याचा भुगा करता येतो. गुजरातेत नडियाद येथे १९७८ पासून मूत्रविकारांना वाहिलेले मुळजीभाई पटेल रुग्णालय उभे आहे, आणि खड्यांच्या उपचारांत त्याचे नाव देशाबाहेरही घेतले जाते. प्रत्येक खड्याला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. पाच मिलिमीटरच्या आतील बहुतेक खडे आपोआप पडून जातात. मात्र खडा अडकला असता थंडी वाजून ताप आला, तर विलंब प्राणावर बेततो. अशा रोग्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. एकदा खडा झालेल्याने दिवसाकाठी सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा सल्ला साऱ्या औषधांहून स्वस्त आहे. हृदयविकार वा मूत्रपिंडविकार असलेल्यांनी तेवढा डॉक्टरांना विचारून पाळावा.

पन्नाशी उलटली की दुसरी अडचण उभी राहते, ती प्रोस्टेटची. मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रनलिकेला वेढून असलेली, तरुणपणी अक्रोडाएवढी असणारी ही ग्रंथी वयाबरोबर वाढत जाते व नलिकेवर दाब आणते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण त्या भीतीनेच कित्येकजण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. निदानाची सुरुवात यंत्राने नव्हे, सात साध्या प्रश्नांनी होते. लघवी करूनही पिशवी भरलेली वाटते काय, धार मधेच तुटते काय, रात्री किती वेळा उठावे लागते, अशा या प्रश्नांना ३५ पैकी गुण दिले जातात. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि त्यापुढे तीव्र. मग लघवीची तपासणी, गुदद्वारातून बोटाने ग्रंथीची चाचपणी, धारेचा वेग मोजणे आणि पिशवीत किती लघवी उरते हे सोनोग्राफीने पाहणे. बोटाची तपासणी अर्ध्या मिनिटाची असते. या अर्ध्या मिनिटाच्या लाजेपायी माणसे पाच-पाच वर्षे जागरण काढतात, याला काय म्हणावे?

त्रास सौम्य असेल तर रात्री चहा-पाणी कमी करणे आणि वाट पाहणे एवढेच पुरते. मध्यम त्रासाला गोळ्या आहेत. काही ग्रंथीचे स्नायू सैल करून दिवसांत आराम देतात, काही कित्येक महिन्यांत ग्रंथी आकसवितात. गोळ्यांनी भागले नाही, लघवी वारंवार तुंबू लागली किंवा मूत्रपिंडांवर ताण आला, तर दुर्बिणीतून वा लेसरने वाढलेला भाग काढता येतो, पोट फाडावे लागत नाही. पण पिशवी वर्षानुवर्षे ताणून दुबळी झाल्यावर शस्त्रक्रिया केली, तर वाट मोकळी होते आणि ढकलणारे बळ मात्र परत येत नाही. म्हणूनच वेळेला महत्त्व आहे.

प्रोस्टेटच्या कर्करोगाबाबत गेल्या काही वर्षांत विचार बराच बदलला आहे. पीएसए नावाची रक्तचाचणी आता लहान शहरांतही होते. तिचा आकडा वाढला म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. जंतुदोषाने व साध्या वाढीनेही तो चढतो. म्हणून आकडा पाहून लगेच सुई खुपसण्याऐवजी प्रथम एमआरआय करावा आणि संशयित जागेचाच तुकडा तपासावा, ही रीत २०१७-१८ मधील मोठ्या पाहण्यांनंतर रूढ होत आहे. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगाच्या १,६४३ रोग्यांचा पंधरा वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नियमित देखरेख, कोणताही मार्ग घेतला तरी त्या रोगाने दगावणारे सुमारे ३ टक्केच निघाले. याचा अर्थ कर्करोगाकडे दुर्लक्ष करावे असा नव्हे. जहाल स्वरूपाचा रोग लवकर ओळखून त्यावर तुटून पडावे आणि मवाळ रोगावर डोळा ठेवून रोग्याचे सुख जपावे, असा आहे. चाचणी करावी की नाही, हे पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावे. घरात बापाला वा भावाला हा रोग झाला असेल, तर ते बोलणे त्याआधीच व्हावे.

लघवीतून रक्त जाण्याची गोष्ट मात्र वेगळी. येथे वाट पाहण्यास जागा नाही. वेदना नसताना, एकदाच का होईना, रक्त दिसले तर मूत्राशयाच्या कर्करोगाची शंका प्रथम दूर करून घेतलीच पाहिजे. धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण. दुसरे कारण सुरतेसारख्या रंगाई-छपाईच्या शहराने विशेष ध्यानात ठेवावे असे आहे. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील कामगारांत हा कर्करोग होतो, हे जर्मन शल्यचिकित्सक रेन यांनी १८९५ मध्येच दाखवून दिले होते. दोष काही विशिष्ट रसायनांचा होता आणि तो रोग संपर्कानंतर कित्येक वर्षांनी प्रकट होतो. कामगार तोवर नोकरी सोडून गावी गेलेला असतो. मग त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

राहिला प्रश्न पुरुषत्वाच्या तक्रारींचा. गावोगावच्या भिंती आणि रेल्वेमार्गाच्या कडेची कुंपणे ‘गुप्तरोग’वाल्यांच्या जाहिरातींनी रंगलेली असतात. लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या छापल्या जातात, आणि भिंतींवरच छापल्या जातात असे नाही. वृत्तपत्रांच्या कोपऱ्यांतही त्या वर्षानुवर्षे जागा मिळवीत आल्या आहेत. ज्या पानावर आरोग्याचा उपदेश करावयाचा, त्याच्या मागच्या पानावर भोंदूला जागा द्यावयाची, हा दुटप्पीपणा आमच्या व्यवसायाने सोडला पाहिजे. वैद्यकशास्त्र सांगते, की हा दोष पुष्कळदा मधुमेह, रक्तदाब किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची पहिली सूचना असतो. बारीक रक्तवाहिन्या आधी तुंबतात, हृदयाच्या मागाहून. १९९८ पासून या तक्रारीवर सिद्ध झालेल्या गोळ्या उपलब्ध आहेत. परंतु हृदयविकाराच्या नायट्रेट औषधांबरोबर त्या घेतल्या तर रक्तदाब घातक रीतीने उतरतो, आणि भोंदूच्या चूर्णात काय मिसळले आहे हे कोणी सांगू शकत नाही. मूल न होण्याचा दोषही असाच बायकोच्या माथी मारला जातो. पुरुषाच्या वीर्याची तपासणी ही सर्वांत सोपी आणि स्वस्त. तीच शेवटी केली जाते.

उपाय अशक्यप्राय नाहीत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेत विहित वयाच्या कामगारांची वार्षिक आरोग्यतपासणी मालकाने मोफत करून देण्याची तरतूद आहे. त्या तपासणीत रक्तदाब व साखर यांच्या जोडीला लघवीची चाचणी आणि ते सात प्रश्न घालावेत. प्रश्न मराठी, गुजराती, हिंदी, उडिया अशा कामगारांच्या भाषेत छापावेत, म्हणजे तोंडाने सांगण्याची लाज वाटते त्याला निदान खूण तरी करता येईल. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार परराज्यातही मिळतात. पण रुग्णालयात दाखल न होता केलेल्या साध्या तपासण्यांचा खर्च तीत बसत नाही. शस्त्रक्रियेला पैसा आहे आणि ती टाळणाऱ्या तपासणीला नाही, हा उलटा न्याय सुधारला पाहिजे. आमच्या गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे रोगी येण्याची वाट न पाहता, औद्योगिक वसाहतींत व मासेमारीच्या धक्क्यांवर मूत्रविकारतज्ज्ञांची ठरावीक दिवशीची शिबिरे सरकारने भरवावीत, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

सरकार व मालक यांचे काम झाले तरी शेवटचे पाऊल घरातच पडावयाचे आहे. वडील रात्री पुनःपुन्हा उठतात हे मुलाला कळते, पत्नीला तर कळतेच. त्यांनी गप्प न राहता विचारावे, आणि विचारल्यावर वडिलांनीही रागावू नये. म्हणीतल्या सासऱ्याला आपण इतकी वर्षे हसत आलो. त्या अवघडलेपणाची किंमत मात्र त्याच्या साऱ्या घराने मोजली असेल.