चौथ्या खेपेनंतरचा हक्क

नव्या मोटारीत गंभीर दोष निघाला आणि पुरेशी संधी देऊनही कंपनीला तो दुरुस्त करता आला नाही, तर ती गाडी परत घेऊन पैसे देणे किंवा दुसरी नवी गाडी देणे कंपनीला बंधनकारक करणाऱ्या अमेरिकी कायद्यांना 'लेमन लॉ' म्हणतात. देशभर लागू असलेला असा एकच कायदा नाही. पन्नासही राज्यांत तो कोणत्या ना कोणत्या रूपात आहे आणि तपशील राज्यागणिक बदलतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये गाडी घेणारे मराठी कुटुंब आणि कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये तेच मॉडेल घेणारे कुटुंब यांचे हक्क तंतोतंत सारखे नसतात.

या कायद्यांची खरी करामत 'पुरेशी संधी' या दोन शब्दांच्या जागी आकडा घालण्यात आहे. दोष आहे की नाही, दुरुस्तीला किती वेळ द्यायचा, ग्राहकाने कुठवर सोसायचे, हे प्रश्न मोघम राहिले की त्यांचा फायदा ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याला मिळतो. खेपा आणि दिवस मात्र कुणालाही मोजता येतात.

हा आकडा येण्याआधीची स्थिती न्यू जर्सीतल्या एका गाजलेल्या खटल्यातून दिसते. मे १९५५ मध्ये हेनिंगसेन दांपत्याने नवीकोरी प्लिमथ घेतली. गाडी ताब्यात आल्यावर दहाच दिवसांनी पत्नी ती चालवत असताना बॉनेटखालून मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातल्या हातात गरकन फिरले आणि गाडी उजवीकडे जाऊन रस्त्याकडेच्या फलकावर आणि विटांच्या भिंतीवर आदळली. मीटरवर तेव्हा जेमतेम ४६८ मैल झाले होते. खरेदीच्या कराराच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले होते की ९० दिवस किंवा ४,००० मैल, यातले जे आधी होईल तोवर सदोष भाग बदलून देणे एवढीच कंपनीची जबाबदारी. भाग बदलून द्यायला गाडीच उरली नव्हती. १९६० मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हे बारीक अक्षर झुगारून दिले. सगळ्या मोठ्या कंपन्या हाच छापील मजकूर पुढे करतात, ग्राहकाला घासाघीस करायला वावच नसतो, त्यामुळे गाडी चालवण्यायोग्य असल्याची हमी विक्रीतच गृहीत धरली पाहिजे, असा निकालाचा आशय होता.

न्यायालयाने तत्त्व सांगितले; कायदेमंडळांना त्याचे कलमांत रूपांतर करायला आणखी वीसेक वर्षे लागली. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये साँग-बेव्हर्ली कायदा झाला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. उद्योगांवरची बंधने सैल करणारे अशी ज्यांची पुढे ख्याती झाली, तेच. १९७५ मध्ये मॅग्नसन-मॉस हा वॉरंटीविषयीचा संघराज्याचा कायदा आला. दोन्ही कायद्यांत वॉरंटी पाळण्याची सक्ती होती, पण दुरुस्तीचे किती प्रयत्न 'वाजवी' धरायचे ते सांगितलेले नव्हते. १९८२ मध्ये कनेक्टिकटमध्ये जॉन वुडकॉक या तरुण आमदाराने मांडलेले विधेयक मंजूर झाले आणि आकड्यांचा लेमन लॉ अस्तित्वात आला. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आपल्या जुन्या कायद्याला आकड्यांची जोड दिली. इतर राज्ये मागोमाग आली.

कॅलिफोर्नियाचे गणित असे. गाडी मिळाल्यापासून १८ महिने किंवा १८,००० मैल यातले जे आधी होईल, त्या काळात एकाच दोषासाठी गाडी चार वेळा दुरुस्तीला नेली, किंवा जिवावर बेतेल अशा दोषासाठी दोन वेळा नेली, किंवा सगळ्या दुरुस्त्या मिळून ती ३० दिवसांहून जास्त कार्यशाळेत पडून राहिली, तर कंपनीला वाजवी संधी मिळून गेली असे कायदा मानतो. न्यू जर्सीत मुदत दोन वर्षे किंवा २४,००० मैल, खेपा तीन आणि दिवस २०. जीवघेणा दोष असेल तर तिथे एकच खेप पुरते. मात्र त्यानंतर कंपनीला 'सर्टिफाइड मेल'ने पत्र पाठवून दुरुस्तीची शेवटची संधी द्यावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये मुदत तोकडी, एक वर्ष किंवा १५,००० मैल. पण खेपा तीनच आणि कामाचे दिवस अवघे १५.

कॅलिफोर्नियातल्या या आकड्यांबाबत एक गैरसमज हमखास होतो. ते ग्राहकाच्या बाजूने धरायचे गृहीतक आहे, हक्काची शेवटची सीमा नव्हे. २०,००० मैलांवर उद्भवलेला दोष कंपनीच्या वॉरंटीत बसत असेल तर दावा करता येतोच. फक्त तिथे 'वाजवी प्रयत्न' झाल्याचे ग्राहकाला स्वतः पटवून द्यावे लागते.

दोष किरकोळ असून चालत नाही. गाडीचा वापर, तिची किंमत किंवा सुरक्षितता यांना लक्षणीय बाधा आली पाहिजे. डॅशबोर्डची कुरकुर किंवा सैल झालेला ग्लोव्ह बॉक्स यात येत नाही. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडणे, गिअर अडकणे, ब्रेक उशिरा लागणे हे येते. मालकाच्या हयगयीतून, अपघातातून किंवा बाहेर करून घेतलेल्या फेरफारांतून झालेल्या बिघाडाला संरक्षण नाही.

सगळा दावा उभा राहतो तो एका साध्या कागदावर. अमेरिकेत त्याला 'रिपेअर ऑर्डर' म्हणतात. आपल्याकडचे जॉब कार्ड ते हेच. गाडी कधी आली, मीटरवर किती आकडा होता, ग्राहकाची तक्रार काय, मेकॅनिकला काय आढळले, काय केले आणि गाडी कधी परत गेली, हे सारे त्यावर असते. यातली तक्रारीची ओळ सर्वांत महत्त्वाची आणि तीच सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जाते. समजा, गाडी सिग्नलला उभी असताना बंद पडते. पहिल्या खेपेला काउंटरवरचा माणूस लिहितो 'धक्के बसतात', दुसऱ्या खेपेला 'पिकअप नाही', तिसऱ्या खेपेला 'इंजिनचा दिवा लागतो'. ग्राहकाच्या लेखी एकच दुखणे. कागदावर मात्र तीन वेगळे दोष, प्रत्येकी एक खेप. कंपनीचा वकील नेमके यावरच बोट ठेवतो. म्हणून दर वेळी तक्रार त्याच शब्दांत लिहून घ्यायची, असा तिथल्या जाणकारांचा आग्रह असतो. 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून गाडी परत दिली तरी कॅलिफोर्नियात ती खेप मोजली जाते, कारण ग्राहकाने गाडी दुरुस्तीसाठी आणली होती. जी खेप कागदावर आलीच नाही, जिथे 'दोन मिनिटांत बघून देतो' म्हणत काम उरकले, ती मात्र वाया गेली असे समजायचे.

गाडी परत द्यायची ठरली की ग्राहकाला भरलेली किंमत, कर, नोंदणीशुल्क मिळते आणि उरलेले कर्जही कंपनी फेडते. दोष दिसण्याआधी गाडीचा जो सुखाने वापर झाला, तेवढी वजावट होते. कॅलिफोर्नियात तिचे सूत्र कायद्यातच आहे: किंमत गुणिले पहिल्या दुरुस्तीच्या वेळचे मैल, भागिले १,२०,०००. गाडी ३६,००० डॉलरची आणि ती ६,००० मैलांवर प्रथम दुरुस्तीला आली, तर १,८०० डॉलर वजा. पुढे कंपनीने वर्षभर घोळ घातला आणि मीटर २०,००० मैलांवर गेला, तरी वजावट १,८०० डॉलरच राहते. टाळाटाळीचा खर्च टाळाटाळ करणाऱ्यानेच सोसावा, असे हे चोख कलम आहे. उलट, दोष जाणवत असूनही ग्राहकाने १२,००० मैल होईपर्यंत गाडी दाखवलीच नाही, तर वजावट दुप्पट होते.

तंटा सोडवण्याचे मार्ग दोन. अनेक कंपन्यांचे दावे लवादापुढे जातात. न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत सरकारी यंत्रणेमार्फतही सुनावणी होते. दुसरा मार्ग न्यायालयाचा. ग्राहक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, अशी तरतूद कॅलिफोर्नियाच्या आणि संघराज्याच्याही कायद्यात आहे. कॅलिफोर्नियात कंपनीने जाणूनबुजून कायदा मोडल्याचे ठरले तर नुकसानीच्या दुपटीपर्यंत दंडही होतो. आकड्यांनी हक्क स्पष्ट झाला, पण पगारदार माणसाला तो वापरता आला तो या फीच्या कलमामुळे. त्याची दुसरी बाजूही आहे. असे खटले हाच ज्यांचा धंदा झाला अशा वकिली पेढ्या उभ्या राहिल्या आणि न्यायालयांत दाव्यांची रीघ लागली.

त्याच ओझ्याचे कारण पुढे करून कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कार्यपद्धती बदलली. आता दंड मागण्याआधी ग्राहकाने कंपनीला लेखी सूचना द्यायची. कंपनीने ३० दिवसांत गाडी परत घेण्याची तयारी दाखवून ६० दिवसांत व्यवहार पुरा केला तर दंड टळतो. दावा वॉरंटी संपल्यापासून एका वर्षात आणि गाडी मिळाल्यापासून फार तर सहा वर्षांत करावा लागतो. पण २०२५ च्या दुरुस्तीने या नव्या पद्धतीत यायचे की नाही, हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर सोडले. आपल्याला कोणते नियम लागू व्हावेत हे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानेच ठरवायचे, हा प्रकार अजबच म्हणावा लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक वाट अरुंद केली. मूळ वॉरंटी शिल्लक आहे एवढ्यावरून जुनी घेतलेली गाडी या कायद्यासाठी 'नवी' ठरत नाही, असा तो निकाल आहे.

कंपनीने परत घेतलेली गाडी भंगारात जात नाही. दुरुस्त होऊन ती पुन्हा बाजारात येते. तिच्या मालकीच्या कागदावर कायमची नोंद होते आणि कॅलिफोर्नियात डाव्या दरवाजाच्या चौकटीवर तसे लेबल लावावे लागते. स्वस्तात जुनी गाडी शोधणाऱ्या नवागत विद्यार्थ्याने आणि नोकरदाराने तो दरवाजा उघडून बघावाच.

भारतात लेमन लॉ नाही. आहे तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यातली दोषाची व्याख्या ऐसपैस आहे आणि ग्राहक आयोग दुरुस्ती, बदली वस्तू किंवा परतावा यांपैकी काहीही देववू शकतो. नाही तो आकडा. चौथ्यांदा दुरुस्तीला नेलेल्या गाडीबद्दलही 'हा उत्पादनातील दोष आहे का' हा वाद पहिल्यापासून सुरू होतो, तज्ज्ञांचे अहवाल मागवले जातात आणि वर्षे जातात. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. वॉरंटीत सदोष भाग बदलण्याचेच वचन आहे, मग तेवढेच द्यावे, असा त्याचा रोख होता. हेनिंगसेन यांच्या करारामागचे बारीक अक्षर इथे आठवल्याशिवाय राहत नाही. २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात, २०११ चे मॉडेल म्हणून २००९ ची, आधीच चाललेली गाडी हाती पडली होती. तिथेही सर्वोच्च न्यायालयाने दोष विक्रेत्याचा ठरवून टाटा मोटर्सला जबाबदारीतून वगळले. २०२२ चा निकाल मात्र दुसऱ्या दिशेचा आहे. अपघातात ह्युंदाईच्या गाडीच्या एअरबॅग उघडल्या नव्हत्या. धडकेचा वेग आणि बल यांचे भौतिकशास्त्र ग्राहकाने मांडावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे सांगून न्यायालयाने गाडी बदलण्याचा आदेश कायम ठेवला.

वेळेचा हिशेब एका प्रकरणात लख्ख दिसतो. सप्टेंबर २००९ मध्ये विकलेल्या एका बीएमडब्ल्यूत चारच दिवसांत बिघाड झाला. प्रकरण फौजदारी तक्रारीच्या वाटेने गेले आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० लाख रुपये देण्याचा आदेश देऊन ते मिटवले. ही गत महागड्या गाडीची.

यावर उपाय अवघड नाही. सिंगापूरने २०१२ मध्ये, सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरणारा नियम केला. फिलिपिन्सने २०१४ मध्ये चार खेपांचा कायदा केला. भारताच्या २०१९ च्या कायद्यात खेपा आणि दिवस सांगणारे एक गृहीतक घालण्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आयोग आहेत, तरतुदी आहेत.

तोवर हाती आहे ते असे. गाडीची भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करायची, आणि ती राहत्या ठिकाणी करता येते. पुण्यात गाडी घेतलेल्या रत्नागिरीकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, २० ते ५० लाखांच्या गाडीला ते हजार रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. सर्व्हिस सेंटरमधून निघताना जॉब कार्डची प्रत हातात असावी आणि तक्रारीची ओळ दर खेपेला तीच असावी.